वेळापत्रक हलवायची तयारी

सांगली
जुलै, रविवार

प्रिय मंजू,

सानिकाला दुसऱ्या वर्कटर्मला नगरपालिकेच्या पाणीखात्यात जागा मिळाली, हे वाचून फार बरं वाटलं. वालचंद कॉलेजला आपल्या वर्गात सिव्हिलच्या मुली किती थोड्या होतो, आठवतं ना? आता तुझी पोरगी तिकडे कॅनडात, वॉटर्लूत बसून हायड्रंटचे दाब मोजते, त्याचे तक्ते करते, आणि त्या कामाचा पगारही घेते. तिला माझ्याकडून शाबासकी दे. आणि सांग की पाइपलाइनचं काम जमिनीखालचं, म्हणून कुणाला दिसत नाही, पण सकाळी नळ सोडणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं.

तू विचारलंस, ‘तिकडे आता सगळी कॉलेजं कंपन्यांशी, संस्थांशी करार करत सुटलीत म्हणे. मुलांच्या पदरात काही पडतं का?’ या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देता येणार नाही, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी निवांत लिहायला बसले आहे. गेली काही वर्षं माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीच म्हटलंस तरी चालेल.

आधी इथली परिस्थिती सांगते. नॅकचे लोक कॉलेज तपासायला येतात तेव्हा सामंजस्य करार किती, त्यातले चालू किती, त्याखाली काय काय केलंत, हे विचारतात. त्यात नवीन शैक्षणिक धोरण आलं. ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आलं, फील्ड प्रोजेक्ट आला, त्यांना क्रेडिट आली. एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे चार क्रेडिटला 120 तास मुलानं बाहेर काम करायचं. कल्पना उत्तम आहे, माझा तिला मनापासून पाठिंबा आहे. पण जिल्ह्यातली सगळी कॉलेजं एकाच वेळी भागीदार शोधायला बाहेर पडली. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदारांकडे मी गेले होते, तर त्यांच्या टेबलावर चार-पाच कॉलेजांची तशीच पत्रं आधीच पडलेली. माणूस भला. चहा पाजला आणि सरळ बोलले. ‘मॅडम, पोरं पाठवा, माझी ना नाही. पण तुमचं पोरगं येतं जूनमध्ये. माझी घाई दिवाळीच्या आधी. त्याला मशीन कळायला पंधरा दिवस जातात, आणि कळलं की तुमची परीक्षा लागते. मग त्याला मी काय काम देऊ? बसवून ठेवतो आणि सर्टिफिकेट देतो.’

मंजू, त्या माणसानं थोडक्यात सगळं सांगितलं. करार होतो, सह्या होतात, फोटो निघतो, पण कॉलेज आपलं वेळापत्रक तसूभर हलवत नाही. आमची सत्रं, आमच्या परीक्षा, आमचे दोन ते पाचचे प्रॅक्टिकलचे तास, सगळं जागच्या जागी. समोरच्यानं आपलं काम आमच्या रिकाम्या वेळात बसवावं अशी अपेक्षा. हे कसं जमायचं? मी जिथं जिथं भागीदारी खरी चाललेली पाहिली किंवा वाचली, तिथं तिथं आधी विद्यापीठानं स्वतःचं काहीतरी मोडून पुन्हा मांडलेलं आहे.

तुमच्या वॉटर्लू विद्यापीठाचंच घे. पण त्याच्याही मागं जायला हवं, कारण मूळ अमेरिकेतल्या सिनसिनाटीत आहे. हर्मन श्नायडर नावाचे सिव्हिलचे प्राध्यापक तिथं 1903 मध्ये आले. त्यांचं म्हणणं असं की इंजिनिअर होणाऱ्या पोरानं शिकता शिकताच कारखान्यात काम केलं पाहिजे, नुसती प्रयोगशाळा पुरत नाही. सिनसिनाटी यंत्रं बनवणारं शहर, कारखाने भरपूर. पण तिथल्या मालकांनाही आमच्या कुपवाडच्या कारखानदारांसारखीच अडचण असणार: मध्येच येणारा आणि मध्येच जाणारा पोरगा घेऊन करायचं काय? श्नायडरनी काढलेला तोडगा मला अजूनही फार आवडतो. त्यांनी मुलांच्या जोड्या लावल्या. एका जागेवर दोघं. एक आठवडा पहिला कारखान्यात आणि दुसरा वर्गात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. मालकाच्या मशीनवर बाराही महिने माणूस हजर, आणि वर्गही कधी रिकामा नाही. 1906 मध्ये 27 मुलांवर हे सुरू झालं. अभ्यासक्रम आरंभी सहा वर्षांचा केला. विचार कर, प्राध्यापकांना तोच धडा दोन आठवड्यांत दोनदा शिकवावा लागत असणार! कारखान्याची सोय व्हावी म्हणून विद्यापीठानं ही कटकट अंगावर घेतली. म्हणून ही पद्धत टिकली.

तुमच्याकडे हेच मोठ्या प्रमाणावर झालं. 1956 मध्ये आयरा नीडल्स यांनी तिथल्या रोटरी क्लबात भाषण केलं, की देशाला इंजिनिअर हवेत आणि ते उद्योगांनी आणि कॉलेजनं मिळून घडवावेत. ते टायर बनवणाऱ्या कंपनीचे कॅनडातले प्रमुख. म्हणजे मागणी कारखान्याच्या बाजूनं आली, हे महत्त्वाचं. पुढच्याच वर्षी, 1957 च्या जुलैत, सत्तर-पंचाहत्तर मुलांनिशी वर्ग सुरू झाले. तुला ठाऊक आहेच, सानिकाचं वर्ष तीन टर्मचं आहे, चार महिने शिकायचं आणि चार महिने काम. उन्हाळ्याची मोठी सुट्टी नाही. एक तुकडी वर्गात असते तेव्हा दुसरी कामावर. नगरपालिकेला मे महिन्यात हवा असेल तर मे महिन्यात, जानेवारीत हवा असेल तर जानेवारीत विद्यार्थी मिळतो. वीस हजारांहून जास्त मुलं आज या पद्धतीनं तिथं शिकतात, आणि पदवीला चारच्या जागी जवळजवळ पावणेपाच वर्षं लागतात म्हणून कुणी तक्रार करत नाही. इमारती, प्राध्यापक, वसतिगृहं, सगळं वर्षभर चालू ठेवावं लागतं. एवढं मोल मोजलेलं आहे, म्हणून सानिकाच्या हातात खरं काम आलं.

आपल्याकडे पिलानीच्या बिट्समध्ये हेच निराळ्या रीतीनं झालं. 1964 पासून फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर त्यांचा अमेरिकेतल्या एमआयटीशी संबंध आला. एमआयटीच्या केमिकलवाल्यांची प्रॅक्टिस स्कूल 1916 पासूनची. पिलानीनं सत्तरच्या दशकात, सी. आर. मित्रा संचालक असताना, आपली प्रॅक्टिस स्कूल काढली. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि शेवटच्या वर्षी साडेपाच महिने मुलं उद्योगात. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की मुलांबरोबर प्राध्यापकही जातो. मूल्यमापन तिथल्या तिथं, त्या कामावर होतं. आमच्याकडे प्राध्यापक कारखान्यात फिरकतो तो बहुधा करारावर सही करताना.

पण मी कारखान्यांबद्दलच लिहीत राहिले तर तू म्हणशील, ही बाई गावाकडची असून गावाबद्दल बोलतच नाही. तर आता तिकडे येते, कारण माझा जीव खरा तिथं आहे.

सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय 1969 चं. गांधीजींची जन्मशताब्दी होती ते वर्ष. डॉ. सुशीला नायर यांनी ते उभं केलं. त्या गांधीजींच्या डॉक्टर, नंतर केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. तिथं एमबीबीएसला आलेलं पोरगं पहिले पंधरा दिवस आश्रमात राहतं. प्रार्थना, सूतकताई, श्रमदान. शरीरशास्त्राचं पुस्तक नंतर. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथं शिबिराला राहते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवली जातात. त्या घरांत तो पुन्हा पुन्हा जातो. आजीचा रक्तदाब, सुनेचं बाळंतपण, बाळाच्या लसी. एका भेटीत माणूस डॉक्टरला जे सांगतो आणि चौथ्या भेटीत जे सांगतो, त्यात फार फरक असतो, हे तू आणि मी डॉक्टर नसूनही ओळखतो. आणि गावालाही यातून काही मिळत होतं. डॉ. उल्हास जाजूंनी तिथं अशी योजना चालवली, की सुगीच्या वेळी घराघरानं ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचारांची सोय. ज्याच्याकडे रोकड नाही पण ज्वारी आहे, त्याला परवडेल अशी भागीदारी. 2022 पासून देशातल्या सगळ्याच वैद्यकीय महाविद्यालयांना कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम लागू झाला आहे. फार चांगलं झालं. मात्र सेवाग्रामला त्यासाठी आधी पंधरा दिवस मोकळे काढले होते, हे बाकीच्यांनी विसरू नये असं मला फार वाटतं. नाहीतर एका दुपारी बस भरून जायचं, रक्तदाब मोजायचे आणि परत यायचं, एवढंच होईल.

आता आपल्या विषयाचं. मुंबईच्या आयआयटीत सितारा नावाचं केंद्र आहे, 1985 पासून. ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान शोधणं हे त्याचं काम. तिथं मिलिंद सोहोनी आले. मूळचे संगणकशास्त्राचे, तेही अगदी कागद-पेन्सिलीच्या गणिताचे, केतन मुळमुळे यांच्याबरोबर त्यांनी केलेलं काम जगभर ओळखलं जातं. तो माणूस कर्जत-मोखाड्याच्या नळपाणी योजना का बंद पडतात याच्या मागं लागला. शहापूर-मोखाड्याच्या बाजूला मुंबईला पाणी देणारी धरणं, आणि त्याच भागातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर. आयआयटीपासून काही तासांवर. सोहोनींचं म्हणणं साधं आहे, की इंजिनिअरिंगच्या कॉलेजनं आपल्या भोवतालचे प्रश्न अभ्यासायला घ्यावेत, ते मोजावेत, आणि त्याला अभ्यासाइतकीच किंमत द्यावी. 2007 पासून तिथं एम.टेक. आहे, त्यातली मुलं काही आठवडे गावात राहतात. 2016 मध्ये राज्य सरकारनं उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं, म्हणजे हेच काम जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आमच्यासारख्या कॉलेजांनीही करावं, ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा प्रशासनानं आमच्याकडे प्रश्न घेऊन यावं. ते वाचलं आणि मला वाटलं, हे आपल्यासाठीच लिहिलंय.

आम्ही घेतलेलं गाव इथून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, गावाला न विचारता ते कशाला पसरवू? दोन-अडीच हजार वस्ती, टेकाडावर टाकी, आणि पलीकडे चढावर एक वस्ती जिथं पाणी पोचत नाही. सरपंचबाईंचं म्हणणं, पंप लहान आहे, मोठा बसवायला हवा, तुम्ही तसं लिहून द्या. बरं, म्हटलं, आधी मोजू.

आणि पहिल्याच पावलाला वेळापत्रक आडवं आलं. गावात पाणी सुटतं पहाटे साडेपाचला, दीड तास. आमचा प्रोजेक्टचा तास मंगळवारी दुपारी दोन ते पाच. दुपारी दोनला गावात गेलं तर दिसणार काय? कोरडे नळ. त्या तासात शंभर वेळा गेलं असतं तरी एक थेंब मोजता आला नसता. मग मी प्राचार्यांकडे गेले आणि म्हटलं, मला मंगळवार नको, मला सलग तीन दिवस द्या आणि मुलांना गावात मुक्कामाची परवानगी द्या. इतर विषयांच्या प्राध्यापकांनी आपले तास पुढं-मागं केले. कुणी आनंदानं, कुणी नाराजीनं. हजेरीच्या रजिस्टरात नवा रकाना आला. मुलींच्या मुक्कामासाठी पालकांना मी स्वतः फोन केले. झेडपीच्या शाळेतल्या दोन खोल्या मिळाल्या. हे सगळं लिहायला सोपं आहे, करताना घाम निघतो. पण पहाटे पाचला मुलं टाकीखाली उभी होती आणि पाणी सुटताना त्यांनी कानांनी ऐकलं.

पाणी सोडणारे तात्या. गावातल्या सगळ्या पाइपलाइनचा नकाशा फक्त त्यांच्या डोक्यात. कुठं तीन इंची, कुठं दोन इंची, कुठल्या साली कुणाच्या घरापुढून फाटा काढला, कुठला व्हॉल्व्ह गटाराखाली गाडला गेलाय, सगळं पाठ. कागदावर काहीही नाही. आणि तात्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार. म्हणजे तात्या गेले की गावची योजना आंधळी. आमच्या मुलांनी सलग तीन दिवस त्यांच्या मागं हिंडून तो नकाशा उतरवला. त्यांच्या काठीनं त्यांनी जमिनीवर दाखवायचं, मुलांनी टेप धरायची, लेव्हल लावायची, वहीत मांडायचं. तात्या पहिल्या दिवशी तुटक बोलत होते. याआधीही लोक येऊन फॉर्म भरून गेलेले, परत कुणी आलं नाही, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी तेच मुलांना उठवायला शाळेत आले.

एक प्रसंग तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या चढावरच्या वस्तीत माझी एक विद्यार्थिनी बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन प्रत्येक नळाशी थांबत होती. वीस लिटरची बादली किती वेळात भरते, एवढंच लिहायचं. शेवटच्या घराशी आली तर नळच दिसेना. अंगणात हातभर खोल खड्डा, त्यात उतरून एक बाई बसलेल्या, आणि नळाची तोटी खड्ड्याच्या तळाशी. धार करंगळीएवढी. ताटली लावून त्या पाणी धरत होत्या आणि तांब्यानं कळशीत ओतत होत्या. पोरीनं विचारलं, ‘मावशी, नळ एवढा खाली का?’ त्या म्हणाल्या, ‘वर चढत न्हाई गं पाणी. खाली उतरलं की येतंय.’

मंजू, आपण शेवटच्या नळाला किमान सात मीटर दाब असावा असं पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, गुण घेतले. या पोरीनंही तेच केलेलं. त्या सकाळी तिला दाब म्हणजे काय ते कळलं. ती बाई तोटी हातभर खाली नेऊन हातभर दाब मिळवत होती, रोज, पहाटे, उकिडवी बसून. पोरगी तिथंच वहीत आकृती काढत बसली. आणि मग तिनं जे केलं त्याचा मला फार अभिमान वाटतो: तिनं प्रत्येक खड्ड्याची खोली मोजली. वस्तीत असे खड्डे बरेच निघाले. खोली म्हणजे दाब किती कमी पडतो याचा घरोघरचा आकडाच की! कुठल्याही पुस्तकात ही पद्धत दिलेली नाही.

कॉलेजात परतल्यावर सगळं एपानेटमध्ये घातलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं केलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, सानिकाला माहीत असेल. उपग्रहाच्या नकाशावरून वस्ती टाकीच्या तळापासून नऊ मीटर खाली दिसत होती, लेव्हलनं ते अंतर निघालं चार मीटर. तिथंच अर्धं कोडं सुटलं. गावातल्या वरच्या आळीत बादली मिनिटाच्या आत भरत होती, वस्तीत सात मिनिटं लागत होती. वरच्या आळीत कित्येक नळांना तोट्या नव्हत्या आणि काहींनी थेट लाइनीला मोटर लावलेली. एकूण पाणी मात्र माणशी रोज पंचावन्न लिटरच्या हिशेबाला पुरून थोडं उरत होतं. पंप लहान नव्हता. वाटप चुकत होतं. दोन नवे व्हॉल्व्ह बसवायचे, आधी अर्धा तास फक्त वस्तीला सोडायचं, मग बाकीच्या गावाला. मोठ्या पंपाच्या मानानं खर्च किरकोळ. वित्त आयोगाच्या पाण्यासाठी राखून ठेवलेल्या निधीतून तो बसतो, असं ग्रामसेवकांनीच सांगितलं.

सरपंचबाई आधी जरा हिरमुसल्या, कारण गावाला मोठ्या पंपाचं आश्वासन दिलेलं. मग त्यांनी वरच्या आळीतल्या लोकांची बैठक घेतली. ती बैठक मुलांनी पाहिली, आणि मला विचारशील तर त्या तासाभरात मुलं जे शिकली ते मी सबंध सत्रात शिकवू शकले नसते. व्हॉल्व्ह बसवणं सोपं आहे. ज्याला भरपूर मिळतंय त्याला ‘अर्धा तास थांब’ म्हणणं किती अवघड, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. एका म्हाताऱ्यांनी तर आमच्या मुलालाच झापलं, ‘तू कोण रं आमचं पाणी तोडणारा?’ पोरगा उत्तर द्यायला उभा राहिला, हात थरथरत होते, पण त्यानं बादलीचे आकडे वाचून दाखवले. आकडे त्यांच्याच नळांचे होते, त्यामुळं ते ऐकून घेतलं गेलं.

तोंडी परीक्षेला आम्ही तात्यांना आणि सरपंचबाईंना बोलावलं. शंभरांतले तीस गुण त्यांच्या हाती. बाहेरचे परीक्षक आधी बिचकले, मग तेही रमले. तात्यांनी विचारलेला प्रश्न ऐक: ‘लाइट गेली आणि टाकी निम्मीच भरली, तर त्या दिवशी कुठली चावी आधी फिरवायची?’ मुलांच्या मॉडेलमध्ये टाकी कायम भरलेली होती. त्यांना पुन्हा बसावं लागलं. सांग बरं, विद्यापीठातला कुठला पेपर सेटर हा प्रश्न काढेल?

याला विरोध आहेच, आणि तो मला ऐकावासा वाटतो. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, तीन दिवस तू नेलीस, त्यात माझे सहा तास बुडाले, गेट परीक्षेची तयारी कोण करून घेणार? त्यांचं चुकत नाही. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही सत्राच्या सुरुवातीलाच हे दिवस छापून टाकणार आहोत, कुणाचे बुडणार नाहीत असे. दुसरा प्रश्न पैशाचा, तो मला जास्त टोचतो. सानिकाला पगार मिळतो. आमच्या मुलांना जायचं-यायचं भाडं, मुक्काम, जेवण. माझ्या वर्गात सुट्टीत शेतावर राबून फी भरणारी मुलं आहेत. ओजेटीचे 120 तास फुकट करायला लावले, तर त्यातल्या कुणाची मजुरी बुडते याचा हिशेब धोरणात कुठं आहे? गावातल्या कामाचा खर्च कॉलेजनं केला, ग्रामपंचायतीनं जेवण दिलं, तेवढं जमलं. पण सगळ्या वर्गाला असं न्यायचं तर भत्ता हवाच. मी याबद्दल वरपर्यंत लिहिलं आहे, लिहीत राहणार आहे.

आणि तिसरी अडचण माणसाची. आज हे काम चाललंय, कारण मी आणि माझ्या विभागातले दोन तरुण प्राध्यापक फोन उचलतो. गावातला व्हॉल्व्ह गळला तरी तात्या मलाच फोन करतात. उद्या आमची बदली झाली, आम्ही निवृत्त झालो, तर? वॉटर्लूत यासाठी वेगळं खातंच आहे, माणसं नेमलेली आहेत, त्यांचं दुसरं काम नाही. आमच्याकडे हे काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्या पूर्ण तासिकांवर चढतं. एक पूर्णवेळ माणूस, गावात जायला गाडी आणि वर्षाला थोडा निधी, एवढं प्रत्येक कॉलेजला मिळालं तर या जिल्ह्यातलं एकही गाव नकाशाविना राहणार नाही असं मी छातीठोकपणे सांगते.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलं आपला अहवाल वाचणार आहेत. मराठीत. विद्यापीठाला दिलेला इंग्रजीत होता, तो गावाच्या उपयोगाचा नाही. ‘हेड लॉस’ला काय म्हणायचं यावरून वर्गात चांगली दोन तास चर्चा झाली, शेवटी तात्या जे म्हणतात तेच लिहायचं ठरलं: ‘पाणी दमतं’. नकाशाची मोठी प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागेल, आणि खाली तात्यांचं नाव पहिलं.

आता तुझ्याकडून मला एक काम हवं आहे, आणि ते तू सानिकाला सांगून लवकर करून घे. वर्कटर्म संपली की तिचे वरिष्ठ तिच्याबद्दल जो फॉर्म भरतात, त्याची कोरी प्रत पाठव. आणि तिनं लिहिलेला पहिला वर्क रिपोर्ट कसा तपासला, कशाला किती गुण, तेही तिला विचारून कळव. आम्ही गावासाठी तसा एक फॉर्म मराठीत करतोय, सरपंचांना आणि पाणी सोडणाऱ्यांना भरता येईल असा, एका पानाचा. पहिला मसुदा या पत्रासोबत जोडला आहे. तू वाच, सानिकाला वाचायला दे, आणि जे खटकेल ते लाल पेनानं खोडून पाठवा. महिनाअखेरपर्यंत मिळालं तर नव्या तुकडीच्या हातात देता येईल.

तुझी,
विद्या